विमानात मावलेलं बिऱ्हाड

निमगाव केतकीच्या दादासाहेबांना विमान घ्यायचं होतं, आणि त्याला कारण काय, तर बारामतीला धावपट्टी झाली होती. धावपट्टी झाली म्हणून विमान घ्यावं, हा विचार तालुक्यात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता. पण दादासाहेबांचं सगळं तसंच होतं. गावात नळ आला तेव्हा त्यांनी आधी शॉवर आणला आणि मग न्हाणीघर बांधलं. डाळिंबाच्या बागेनं आणि खडीच्या क्रशरनं त्यांना हात दिला होता, आणि असा हात मिळाला की माणसाला जमिनीवर पाय ठेवायचा कंटाळा येतो.

त्यांना विचारलं तर ते म्हणायचे, चैन म्हणून नव्हे, सोय म्हणून. सकाळी तोडलेलं डाळिंब दुपारी मुंबईच्या बाजारात. पारावर बसून ते विमानाबद्दल ट्रॅक्टरबद्दल बोलावं तसं बोलायचे. ॲव्हरेज काय पडतं, मागं स्प्रिंगचे पाटे कसले आहेत, टपाला कॅरिअर बसवून मिळतं का. पुण्यात विमानं विकणारे एक साहेब होते, त्यांना फोनवर त्यांनी हे सगळं विचारलं. कॅरिअरचा प्रश्न साहेबांनी पुन्हा एकदा विचारून घेतला. पण गिऱ्हाईक पक्कं दिसत होतं, म्हणून ते स्वतः सहा जणांचं एक विमान उडवत बारामतीला दाखवायला आणणार होते.

या सगळ्यात झोप उडाली होती ती एकट्या गुलजारची. गुलजार दादासाहेबांच्या मेटॅडोरचा ड्रायव्हर. मेटॅडोर ज्या दिवशी घरात आली त्या दिवसापासून तिच्या सीटवर तो होता, इतका की सीटला त्याच्या बैठकीचा आकार आला होता. विमान आलं की मेटॅडोर जाणार, हे दादासाहेबांनी सांगूनच टाकलं होतं. नीरेचा एक भाजीवाला ती बघूनही गेला होता. गुलजारला नोकरीची काळजी नको म्हणून दादासाहेबांनी त्याला विमान पुसायच्या कामावर ठेवायचं कबूल केलं होतं.

"मग चांगलंच हाय की," त्याची बायको रशीदा म्हणाली. "फडकं मी देती."

गुलजार त्या दिवशी जेवला नाही. माणसाचं आयुष्य गाडी चालवण्यात गेलं आणि म्हातारपणी हातात फडकं आलं, तर घास कसा उतरावा? त्याला आता एकच आशा उरली होती. विमान परीक्षेत नापास झालं पाहिजे.

कारण या घरात वाहन घ्यायची एक रीत होती. दादासाहेबांचे वडील सोनबाआबा तरुणपणी मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे. मेंढरांमागं घोडं आणि घोड्यावर सगळं बिऱ्हाड. मेंढरं कोंडायची जाळी, घोंगड्या, हंडा, तवा, दगडी पाटा, जोंधळ्याचं पोतं आणि वर कोंबड्यांची डालगी. पुढे घोडं गेलं, मेंढरं गेली, बागायत आली. पण घरात पहिली बैलगाडी आली तेव्हा आबांनी ते सगळं बिऱ्हाड तिच्यात भरून पाहिलं, स्वतः वर चढून बसले आणि मगच मान हलवली. जीपचं तसंच झालं, मेटॅडोरचंही तसंच. एक मोठी पांढरी मोटार केवळ डिकीत पोतं बसेना म्हणून दुकानाच्या दारातून परत गेली होती. बिऱ्हाड घेऊन आता कुणीच कुठं जात नव्हतं, पण ते माळ्यावर जपून ठेवलेलं असायचं, वाहनांची परीक्षा घ्यायला. मेंढरांपैकी मात्र एक मेंढा दारात शिल्लक होता. तो आबांच्या जिवाचा होता आणि भाकरीचा तुकडा दाखवला की माडीचा जिनादेखील चढायचा. त्यालाही परीक्षेत बसवायचं असायचं.

बिऱ्हाड भरायचं काम अर्थातच गुलजारचं. म्हणजे सगळं त्याच्याच हातात होतं. पोतं जरा आडवं टाकायचं, हंडा उभा ठेवायच्या जागी पालथा घालायचा, डालगी दारात अडकवायची, की झालं. मावत न्हाय म्हणून सांगायचं आणि मेटॅडोर वाचवायची. मनाशी हे पक्कं करून त्यानं सकाळी सगळं बिऱ्हाड मेटॅडोरमध्ये घातलं, पुढं आबा आणि दादासाहेबांच्या पत्नी सारजा यांना बसवलं, आणि दादासाहेबांच्या जीपमागोमाग बारामतीचा रस्ता धरला.

धावपट्टीवर विमान उभं होतं. पांढरंशुभ्र, बाजूनं निळा पट्टा, नाकाला पंखा, पंख टपावरून दोन्हीकडे गेलेले. खाली पुढं एक चाक आणि मागं दोन. साहेब टाय लावून हसत उभे होते. मेटॅडोरमधून मेंढा उतरेपर्यंत ते हसतच होते.

"हा पण येणार आहे?" त्यांनी विचारलं.

"उडायला न्हाय, नुसतं मावायला," दादासाहेब म्हणाले.

साहेबांनी आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती आणि विमान विकणं हे किती चिवट काम आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी टाय सैल केला, पुढच्या दोन सोडून बाकीच्या खुर्च्या काढून दिल्या आणि मागचं दुहेरी दार उघडलं. सामानाला ऐसपैस जागा आहे, हे या विमानाचं वैशिष्ट्यच असल्याचं त्यांनी सांगितलं. फक्त एक गोष्ट त्यांनी गुलजारला दोनदा बजावली. जड सामान पुढं, खुर्च्यांना लागून. शेपटीकडं हलकंच ठेवायचं.

गुलजारनं मान डोलावली आणि पोतं उचललं. ते आडवं टाकायचं होतं. पण इथं त्याच्याच हातांनी त्याला दगा दिला. गुलजारनं भरलेली गाडी म्हणजे भरलेली गाडी. त्याच्या पेट्यांतलं डाळिंब मुंबईपर्यंत एकमेकाला घासत नसे, आणि ही कीर्ती इंदापूरच्या बाजारात व्यापारी मोठ्यानं सांगत. अशा माणसाला वाईट भरता येत नाही. पोतं आपोआप खुर्च्यांना टेकून नीट उभं राहिलं. पाटा त्याच्या पायाशी गेला. हंड्यात तवा, तव्यावर घोंगडी, मधल्या फटीत जाळीची गुंडाळी, मेंढा पुढं पोत्याशी बांधलेला आणि मागं हलकी डालगी. सगळं संपल्यावर मागं इतकी जागा उरली की आबांना मांडी घालून बसता यावं. गुलजारनं दोन पावलं मागं येऊन आपलं काम पाहिलं. ते फार सुंदर झालं होतं. मग आपण काय करून बसलो हे त्याला कळलं आणि तो तसाच मेटॅडोरच्या पायरीवर टेकला.

"मावलं की वो सगळं," सारजा म्हणाली. तिचा आवाज जरा पडलाच. तिला मेटॅडोरमधून माहेरी जायची सवय होती आणि तिच्या माहेरी धावपट्टी नव्हती.

राहता राहिले आबा. त्यांना हात देऊन आत चढवलं आणि आबांनी आतून दार ओढून घेतलं. वाहन बंद करून बघितल्याशिवाय त्याची हवा कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बाहेर दादासाहेब साहेबांना रंग बदलून मिळेल का ते विचारत होते. पंखांना भगवा चालेल, असं ते म्हणत असतानाच विमानानं हळूच तोंड वर केलं.

पुढचं चाक जमीन सोडून उठलं. पंखा आभाळाकडे वळला. शेपूट धप्पकन खाली टेकली आणि विमान कुत्र्यासारखं मागच्या बाजूवर बसलं. आत हंडा गडगडत गेला, कोंबड्यांनी एकच कालवा केला आणि मागच्या काचेला मेंढ्याचं तोंड येऊन चिकटलं.

"दादा," आतून आबांचा शांत आवाज आला, "उडालं का रं?"

साहेबांच्या चेहऱ्याचा रंग विमानापेक्षा पांढरा झाला. त्यांनी पहिल्यांदा कुणालाही दाराला हात लावू दिला नाही. मागचं वजन एकदम उतरलं तर नाक आदळेल, पुढचं चाक मोडेल, पंखा वाकेल. मग ते गुलजारवर घसरले. जड सामान मागं ठेवू नको म्हणून दोनदा सांगितलं होतं ना? दादासाहेबही त्याच्याकडे असे बघायला लागले की मेटॅडोर राहू दे, फडक्याचीही नोकरी गेली असं गुलजारला वाटलं.

"साहेब, मी जड पुढंच ठेवलंय," तो म्हणाला. पण शेपूट तर डोळ्यांसमोर जमिनीला टेकली होती. त्याचं ऐकणार कोण?

शेवटी ठरलं असं, की नाकाखालच्या दांडीला दोर बांधायचा, तो मेटॅडोरच्या हुकाला अडकवायचा आणि हलक्या हातानं ओढून नाक खाली आणायचं. गुलजारनं पहिला गिअर टाकला. दोर ताणला. नाक इंच इंच खाली आलं आणि पुढचं चाक अंड्यावर ठेवावं तसं जमिनीला टेकलं. "बस, बस," साहेब ओरडले. पण मेटॅडोरचं इंजिन सुरू असताना आत बाहेरचं काहीही ऐकू यायचं नाही, हे साहेबांना कोण सांगणार? गुलजारला वाटलं ओढ म्हणतायत. त्यानं ओढलं.

बारामतीच्या धावपट्टीवरून मग एक मिरवणूक निघाली. पुढं मेटॅडोर, तिच्यामागं दोरानं बांधलेलं विमान, त्यामागं टाय खांद्यावर टाकून पळणारे साहेब, त्यांच्यामागं धोतराचा सोगा धरून दादासाहेब. खिडकीतून आबा रस्त्यानं जाताना माणसं बघावीत तसे बाहेर बघत होते. धावपट्टीचा रखवालदार खोलीतून बाहेर आला, एकदा बघितलं आणि पुन्हा आत गेला. गुलजारला आरशात विमान आपल्याच मागं येताना दिसलं तेव्हा कुठं त्यानं ब्रेक दाबला. विमान मात्र आणखी थोडं पुढं आलं आणि मेटॅडोरच्या मागच्या फाळक्याला नाक लावून थांबलं.

नाक दोरानं खाली धरून आधी आबांना उतरवलं. त्यांनी घोंगडी झटकली आणि विमानाभोवती एक फेरी मारली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. गुलजारनं तर बघायचंही धाडस केलं नाही.

"काय म्हनता, आबा?" दादासाहेबांनी विचारलं.

"वाहन झ्याक हाय," आबा म्हणाले. "बिऱ्हाड मावतं. धक्का न्हाय, धूळ न्हाय. घ्यावं."

साहेबांना रडू येता येता राहिलं. दादासाहेबांची छाती फुगली.

"पर एक इचारतो," आबा पुढे म्हणाले. "ह्याला वडायला मेटॅडोर लागती. अन् तू तीच इकाय काडलीस. गाडी घ्यायची अन् बैल इकायचा, ह्यो कसला येव्हार?"

साहेबांनी घाईनं समजावलं की विमान ओढावं लागत नाही, ते आपल्या आपण चालतं आणि उडतं.

"आपल्या आपन काय करतंय ते बगितलं की," आबा म्हणाले. "तोंड वर करून बसलं. मेटॅडोरनं वडलं तवा चाललं."

जे झालं होतं ते तसंच झालं होतं. सारजानं पदर तोंडाला लावला. दादासाहेबांनी एकदा विमानाकडं आणि एकदा मेटॅडोरकडं पाहिलं. मेटॅडोर ठेवायची तर विमान कशाला, आणि विमानानं मुंबईला माल पोचला तरी तिथून बाजारापर्यंत न्यायला आणखी एक मेटॅडोर लागणारच की, हा विचार त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच शिरला. त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला आणि, विमान चांगलं आहे पण मालाला गैरसोयीचं पडतं, असं सांगितलं. साहेब खुर्च्या बसवून, कोंबड्यांची पिसं झटकून पुण्याला उडून गेले. जाताना त्यांनी खाली बघितलं नाही.

परतीच्या वाटेला जीपनं धावपट्टीच्या फाटकाशीच मान टाकली. म्हणून मेटॅडोरमध्ये पुढं आबा आणि सारजा, आणि मागं मेंढा, बिऱ्हाड आणि पोत्यावर बसून मांडीवर कोंबड्यांची डालगी धरलेले दादासाहेब, अशी मंडळी निघाली. गुलजारला आनंदानं गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण मनात एक काटा होता.

"आबा," तो म्हणाला, "शपथ घेतो. मागं जड भरलंच नव्हतं मी. मेंढा तर पुढं बांदला हुता."

आबांनी खिशातून भाकरीचा उरलेला तुकडा काढून तोंडात टाकला.

"बांदला हुतास. मी सोडला," ते म्हणाले. "अन् भाकर दावत मागं नेला. पाटा बी पायानं सारला. मागं जड झालं की फुडून उचलतं, ह्ये घोड्याबरूबर चालून चालून जल्माचं कळलंय मला."

सारजानं कानावर हात ठेवले. "पर का वो, मामंजी? तुमाला तर आवडलं हुतं की."

"आवडलं की. पर त्याच्यात बसून मानसाला वाटंत थांब म्हनता येतं का गं?"

सणसर आलं. रस्त्याच्या कडेला एका चहाच्या टपरीसमोर पांढऱ्या फेट्याचा एक म्हातारा, आबांच्या मेंढरांच्या दिवसांतला सोबती, उभा होता.

"थांब, गुलजार," आबा म्हणाले. "तात्याबा उबा हाय."

गुलजारनं गाडी कडेला घेतली. मागून दादासाहेबांनी विचारलं की आता आणखी का थांबलो. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही, कारण मेटॅडोरचं इंजिन सुरू असताना पुढं मागचं काही ऐकू यायचं नाही.