पिटुकलीची पूर्वस्थिती

अज्ञान ही शिक्षणक्षेत्राची मूळ साधनसंपत्ती आहे आणि जपून वापरली नाही तर ती संपते, हे सत्य सामान्य माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. सामान्य माणसाला वाटते, मुलाला एखादी गोष्ट येत नसेल तर ती शिकवावी आणि मोकळे व्हावे. असल्या घाईनेच शिक्षणाचे वाटोळे झाले आहे.

मी आमच्या शाळेचा प्रगत व्यावसायिक प्रमाणपत्र समन्वयक आहे. (पगार पूर्वीचाच, खुर्चीला मात्र हात आले.) शाळेतल्या अकराही शिक्षकांनी एका वर्षात हे प्रमाणपत्र मिळवावे, असे मुख्याध्यापकांनी ठरवले, कारण पलीकडच्या शाळेने नऊ मिळवली होती.

प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: एकशे वीस तासांचे प्रशिक्षण, चौदा गृहपाठ, एक चिंतन-निबंध (किमान तीन ठिकाणी पश्चात्ताप आवश्यक) आणि दोन चित्रफिती. प्रशिक्षण फार उच्च दर्जाचे होते. ‘मुलांना बोलू द्या’ या विषयावर सलग सहा तास व्याख्यान झाले. खेळाच्या सरांनी मध्येच एक शंका विचारली, तेव्हा शंकांना शेवटी वेळ ठेवला आहे असे त्यांना सांगण्यात आले. तो उरला नाही. शिक्षक तिकडे असताना इकडे वर्ग आपापले बसून राहिले आणि ‘स्वयं-अध्ययन’ या सदरात शाळेला पूर्ण गुण पडले.

घोडे अडले ते चित्रफितींपाशी. पहिली ‘पूर्वस्थिती’ची: विद्यार्थ्याला काही येत नाही. दुसरी ‘उत्तरस्थिती’ची, सहा आठवड्यांनंतर: विद्यार्थ्याला येते. मधला फरक म्हणजे शिक्षकाचे कर्तृत्व. याचा अर्थ ज्याला आधीपासून येते तो विद्यार्थी कुचकामी, आणि थोडेसे येते तो तर त्याहून वाईट, कारण त्याची प्रगती कॅमेऱ्यात दिसत नाही. आमच्या शाळेतली बहुतेक मुले याच थोडेसे येणाऱ्या गटातली निघाली. आजवर आम्ही केलेल्या कामाची मला प्रथमच लाज वाटली.

अशा वेळी चौथीत पिटुकली सापडली. वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून हे नाव. तिला भागाकार येत नव्हता. म्हणजे अगदी निर्मळ येत नव्हता. फळ्यावर ‘८४ भागिले ४’ लिहिले की ती खडू हातात धरून असा चेहरा करी की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. विज्ञानाच्या सरांनी तिच्यावर पहिली चित्रफीत काढली आणि परीक्षकांनी कळवले, ‘पूर्वस्थिती अत्यंत हृदयस्पर्शी.’ झाले! शिक्षकांच्या खोलीत पिटुकलीसाठी रांग लागली. ज्या मुलीला तोवर कोणी पहिल्या बाकावर बसवत नव्हते, तिच्यासाठी दोन बाईंमध्ये अबोला झाला.

मग मी लक्ष घातले आणि तिचे वेळापत्रक केले. सोमवारी अज्ञान, शुक्रवारी ज्ञान. सहा आठवड्यांचे अंतर भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटून राखले जाई. सोमवारी केस विस्कटलेले, शुक्रवारी दोन वेण्या. चित्रकलेच्या बाई, संगीताचे सर, खेळाचे सर, सगळ्यांनी भागाकारच घेतला. एकाचे पाहून दुसऱ्याने घेतले तर त्याला उत्तम पद्धतींची देवाणघेवाण म्हणतात. पिटुकली दहा वेळा भागाकार शिकली आणि नऊ वेळा विसरली. पुढेपुढे तर ती स्वतःच विचारू लागली, “सर, आज केस सोडू का बांधू?” शिक्षणात मुलांचा सहभाग म्हणतात तो हाच.

दहा प्रमाणपत्रे आली. उरल्या फक्त चौथीच्या बाई, पिटुकलीच्या वर्गशिक्षिका. त्या सगळ्यांत नव्या आणि तात्पुरत्या. प्रमाणपत्र मिळाले तर कायम होणार होत्या.

याच सुमारास मुख्याध्यापकांना एक दूरदृष्टीचा विचार सुचला. प्रमाणपत्रांचे पुढच्या वर्षी नूतनीकरण असते. पिटुकली पाचवीत गेली तर ते कोणावर करायचे? पाचवीत भागाकार न येणारी मुलगी परीक्षकांना पटणार नाही. तेव्हा तिला चौथीतच ठेवावे, असे ठरले. पालकांना तसा निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी पिटुकलीची आई तिला हाताला धरून शिक्षकांच्या खोलीत येऊन उभी राहिली.

“भागाकार येत नाही म्हणून मागे ठेवताय?” आई म्हणाली. “अहो, घरी हिला सगळं येतं. परवा हिच्या मामाने पाच पोरांत पंचेचाळीस गोट्या वाटायला सांगितल्या, हिने तोंडी सांगितलं प्रत्येकाला किती ते.”

“घरी येणं वेगळं,” मी समजावले, “आणि प्रमाणित येणं वेगळं.”

“काय गं, शाळेत का नाही येत तुला?” आईने पोरीला दटावले.

“शाळेत मला यायचं नसतं, आई,” पिटुकली म्हणाली. “भागाकार आला की सगळ्यांची पंचाईत होते. आता फक्त आमच्या बाईंचं राहिलंय. त्यांचं झालं की मग मी शिकेन.”

चौथीच्या बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवले. खोलीत इतकी शांतता मी फक्त चहा यायच्या आधी पाहिली होती.

सोमवारी बाईंची पूर्वस्थिती होती. कॅमेरा मीच लावून दिला आणि चित्रात येऊ नये म्हणून दाराबाहेर उभा राहिलो. बाईंनी फळ्यावर ‘८४ भागिले ४’ लिहिले. पिटुकलीने केस सोडले होते. तिने सवयीने छताकडे पाहिले, ओठ चावला आणि रडवेला चेहरा केला. मला तर गहिवरून आले.

“तसं नको,” बाई म्हणाल्या. “जे येतं ते लिही.”

“पण बाई, तुमचं सर्टिफिकेट?”

“माझं मी बघते. तू लिही.”

पिटुकलीने एकवीस लिहिले. मी हात हलवून कॅमेरा बंद करा म्हणून खुणा करत होतो. बाई पाहतच नव्हत्या. त्यांनी खाली ‘७३५ भागिले ७’ लिहिले. पिटुकलीने पंधरा उत्तर काढले आणि या वेळी तिला खरोखरच येत नव्हते. बाई तिच्याजवळ बसल्या. तीनात सात जात नाहीत, तर तिथली जागा रिकामी सोडायची का, असे त्यांनी विचारले. पिटुकली बराच वेळ गप्प राहिली. बाईही गप्प राहिल्या. (प्रशिक्षणात हे कोठेही सांगितलेले नाही.) मग पिटुकलीने मध्ये एक शून्य घातले, एकशे पाच पाहिले आणि जोरात हसली. कॅलेंडरला कोणी हातही लावला नव्हता.

बाईंनी ती चित्रफीत मला न दाखवता परीक्षकांकडे पाठवून दिली. माझा संताप संताप झाला. परीक्षकांचे उत्तर आले: ‘पूर्वस्थितीच्या चित्रफितीत अध्यापन झाल्याचे आढळते. हा गंभीर नियमभंग आहे. प्रमाणपत्र नाकारण्यात येत आहे.’ पण त्याच उत्तरात ‘विद्यार्थिनीस भागाकार येतो’ असेही नमूद होते, आणि ते परीक्षकांच्या सहीशिक्क्याने आल्यामुळे पिटुकलीला चौथीत ठेवणे कायद्यात बसेना. ती पाचवीत गेली. बाई तात्पुरत्याच राहिल्या. एका व्यक्तीच्या हट्टापायी शाळेची साधनसंपत्ती कायमची गेली.

यंदा चौथीच्या दोन तुकड्या केल्या आहेत. ‘अ’ तुकडीला प्रमाणित शिक्षक आहेत. (सध्या नूतनीकरणाच्या प्रशिक्षणाला गेले आहेत.) ‘ब’ तुकडी त्या बाईंकडे आहे. प्रवेशाचे काम माझ्याकडेच असल्यामुळे अनुभवाने सांगतो, ‘ब’मध्ये भरपूर जागा रिकाम्या आहेत आणि ‘अ’साठी प्रतीक्षायादी आहे. पालक सुज्ञ आहेत. परवा तुम्हीही आला होतात, मी दोन्ही तुकड्यांची माहिती दिली आणि तुम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालात, “प्रमाणित कोण आहे, तिथेच घाला.”

तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे. तुमच्या मुलाची पूर्वचाचणी आम्ही घेतली. त्याला भागाकार अजिबात येत नाही, आणि चेहराही फार बोलका आहे. प्रतीक्षायादीत त्याला सर्वांच्या वर घेतले आहे. प्रवेश झालाच समजा. तेवढे घरी मात्र त्याला काही शिकवू नका.