गोलकीपर वंदनाताई

आमच्या शेजारच्या वंदनाताईंची गाडी अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या कडाक्याच्या थंडीतही बाहेर, बर्फाखाली उभी असते. गॅरेजमध्ये त्यांचे पॅड वाळत असतात. आइस हॉकीच्या गोलकीपरचे ते पॅड गादीएवढे जाड असतात आणि त्यांचा वास थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो. एकदा मी दबकत विषय काढला, तर ताई कडाडल्या, "पुरुषाच्या पॅडला वास आला तर तो खेळाडू, अन् बाईच्या पॅडला आला तर तक्रार? मी निषेध करते!"

ताई कशाचाही निषेध करतात. रस्त्यावरचा बर्फ नेमका आपल्या दारात ढकलणाऱ्या ट्रकवाल्याचा, आठवड्याला तीन मीटिंग लावणाऱ्या मॅनेजरचा आणि इडलीसोबत चमचाभर चटणी देणाऱ्या हॉटेलवाल्याचाही.

त्या मूळच्या नागपूरच्या, इथे एका लॅबमध्ये सायंटिस्ट. चाळिशी उलटल्यावर लेकीला स्केटिंगच्या क्लासला घेऊन गेल्या. लेक "इट्स बोरिंग, आई" म्हणून मोकळी झाली, आई मात्र रिंकवरच राहिली. तिथे बायकांची हॉकी टीम होती आणि गोलकीपर व्हायला कुणी तयार नव्हतं.

"मला म्हणे, तुम्हाला फक्त उभं राहायचं आहे," ताई अजूनही चिडून सांगतात. "फक्त उभं! तिथे ती रबराची चकती गोळीसारखी अंगावर येऊन राहिली, अन् म्हणे उभं राहा! धादांत खोटं!"

त्या रागाच्या भरातच त्या खेळ शिकल्या. पहिल्या सीझनला टीम एकूण एक मॅच हरली. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हॉकी बंद. ताईंनी डॉक्टर बदलला.

मास्कवर त्यांनी पिंपळाचं पान रंगवून घेतलंय. टीममधल्या मुली म्हणाल्या, "ऑ, क्यूट हार्ट!" ताईंनी तिथल्या तिथे, लॉकररूममध्ये, त्यांना बुद्ध आणि बोधिवृक्ष यांवर लेक्चर दिलं. आता मॅचआधी सगळी टीम एका सुरात 'जय भीम' म्हणते. उच्चार चुकला तर निषेध होतो.

गेल्या वर्षी ही टीम लीगची चॅम्पियन झाली. इथल्या मराठी लोकांच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ताईंचा सत्कार ठरला. निवेदक हसत हसत म्हणाला, "आता स्टेजवर येतायत आपल्या वंदनावहिनी, ज्या बर्फावर फार सुंदर डान्स करतात!"

ताईंनी त्याच्या हातातून माइक घेतला. "मी बर्फावर नाचत नाही. मी गोल अडवते. अन् मी तुझी वहिनी नाही."

टाळी एकच वाजली, माझी. जेवणाच्या रांगेत एक काका म्हणाले, "या वयात कशाला पण हे?" मला इतका संताप आला की यंदाची फायनल बघायला जायचं मी तिथेच ठरवून टाकलं.

मॅच शेवटपर्यंत बरोबरीत होती. ताई आडव्या पडून, पाय फाकवून, छाती पुढे करून गोल अडवत होत्या. अगदी शेवटी आमच्या टीमने पलीकडे गोल केला. सगळ्या मुली तिकडेच एकमेकींना बिलगल्या. इकडे ताई एकट्याच होत्या. त्यांनी गोलच्या दोन्ही खांबांवर हळूच स्टिक आपटली.

मॅच संपल्याचा भोंगा वाजला. मुली धावत ताईंकडे आल्या, पण ताई त्यांच्यामधून वाट काढत सरळ पलीकडच्या टोकाला गेल्या. तिथे हरलेल्या टीमची गोलकीपर, कॉलेजातली पोर, गुडघ्यांवर बसून रडत होती. ताई तो ऑपरेशनचा गुडघा टेकून तिच्याशेजारी बसल्या, काहीतरी बोलल्या आणि तिला हाताला धरून घेऊन आल्या.

परतताना गाडीत ताई धुमसत होत्या. "एवढी मोठी टीम, अन् एकजणही तिच्यापाशी गेली नाही! निषेध आहे!"

मग आवाज खाली आला. "गोलकीपरजवळ कोणी येत नाही जी. तिकडे गोल झाला की सगळ्या तिकडेच. मी इतकी वर्षं खांबांनाच टाळी देऊन राहिली."

"तिला काय म्हणालात तुम्ही?"

ताई ओशाळल्या. "इंग्रजी सुचलंच नाही ना त्या वेळी. म्हटलं, ऊठ बाई, बर्फ गार आहे."

"तिला काय कळलं असेल?"

"उठली ना," ताई म्हणाल्या.