वानखडे सरांचा आतला कोन

वानखडे सरांसमोर "मी मजेत आहे" म्हणायची सोय नाही. लगेच चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "हा झाला भायेरचा कोन. आतला सांग."

अमरावतीच्या एकाच कॉलेजात आम्ही दोघं शिकवतो; त्यांचा विषय पदार्थविज्ञान. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, ते कोणत्या कोनातून परततात ते मोजायचं आणि त्यावरून अणूंच्या थरांमधलं अंतर काढायचं, हे त्यांचं वेड. गंमत अशी, की स्फटिकात शिरताना आणि बाहेर पडताना हे किरण किंचित वाकतात. त्यामुळे बाहेर मोजलेला कोन आतल्यापेक्षा केसभर मोठा भरतो. बाकीचे "एवढ्यानं काय होतं" म्हणून सोडून देतात. सर सोडत नाहीत. एका विद्यार्थिनीनं ही दुरुस्ती न करता आकडे आणले, तर म्हणाले, "पोरी, तू दारातूनच परत आली. घरात गेलीच नाई."

चौकातल्या मोर्शीच्या संत्रेवाल्यानं "साखर आहे, साहेब" म्हटलं, तरी उत्तर तेच, "आतला सांग." तो बिचारा आता सर दिसताच एक संत्रं सोलायला घेतो. मला हा माणूस मनापासून आवडतो.

यंदा मात्र दिवाळीनंतर सर गप्पच झाले. त्यांच्या पत्नी सुधावहिनी अकोल्याच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. इतक्या वर्षांनी दोघं अमरावतीत एकत्र राहणार होते. पण सामान आणायच्या दिवशी सरांचं क्ष-किरणांचं यंत्र चालू होतं, म्हणून ते गेलेच नाहीत. वहिनी फोनवर म्हणाल्या, "मी इथंच बरी आहो. तुमी येऊ नका."

"मग गेला का नाहीत?" मी विचारलं.

"तिनंच नाई म्हटलं ना बाप्पा!"

मी चिडलोच. "सर, संत्रेवाल्याला सोडत नाही तुम्ही, आणि वहिनींचं बोलणं तेवढं जसंच्या तसं घेतलं?"

सर उठले, मोजणी अर्धवट टाकून यंत्र बंद केलं आणि बसस्टँडकडे निघाले. मीही सोबत गेलो. न जाणो, वाटेत मूर्तिजापूरलाच उतरून परत फिरायचे.

वहिनींनी दार उघडलं. मागे खोलीत सगळी खोकी सुतळीनं बांधलेली तशीच होती.

"काहून आले?"

एरवी सर तासभर समजावून सांगत बसले असते. त्या दिवशी मान खाली घालून एवढंच म्हणाले, "मले एकट्यानं जेवल्या जात नाई, सुधा."

वहिनींनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"मंग टेम्पो काहून नाई आणला?"