एक्केचाळीस हत्यारे

इंदिराबाईच्या तेराव्याच्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आले की माझा चाकू हरवला आहे. इंदिराबाई माझी बायको. साल १९७१.

चाकू खिशातला होता, पण खिशात मावत नव्हता. मिटलेला दीड वीत लांब, वजन दोन किलो. नशिराबादच्या लोहाराकडून सांगून घडवलेला. त्यात पात्यांसोबत करवत, कात्री, चमचा, कानकोरणे, बैलाच्या खुरातला खडा काढायचा आकडा, अशी एक्केचाळीस हत्यारे होती. जळगावात आमचे चाकू मंडळ होते. अध्यक्ष कापडवाले रिखबचंद. त्यांच्या चाकूत एकोणतीसच, म्हणून ते भेटले की आधी माझ्या चाकूला नमस्कार करत, मग मला. धुळे शाखेची मजल बावीसच्या वर गेलेली नव्हती. कोणत्याही सभासदाने चाकूने कधी काही कापले नव्हते. कापल्याने पाते झिजते, असा मंडळाचा ठराव होता.

मला मात्र त्या दिवशी चाकू कामासाठी हवा होता. स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाचे दार एका बिजागरीवर लोंबकळत होते. स्क्रू ढिला झाला होता. इंदिराबाई सहा वर्षे म्हणत होती, "त्या चाकूमा बठ्ठं शे ना? मंग एवढं दार तेवढं बसाडी द्या." मी म्हणायचो, सगळे आहे, ह्याच चाकूने बसवून देतो, आधी त्यातला स्क्रू-ड्रायव्हर कोणता ते शोधू दे. एकोणीस हत्यारांपर्यंत माझा शोध झाला होता.

मी पोलीस चौकीत गेलो. हवालदार कौतिक आमच्याच गल्लीतले. चाकू हरवला म्हटल्यावर त्यांनी वर पाहिलेसुद्धा नाही. चाकू रोजच हरवतात म्हणाले. मला ते लागले.

"साधा नाही, कौतिकभाऊ. एक्केचाळीस हत्यारं आहेत."

आमच्याकडे सुताराच्या पिशवीत असते तेही हत्यारच. पण चौकीच्या वहीत त्या शब्दाला एकच अर्थ आहे. कौतिकभाऊंनी टोपी घातली आणि लिहिले, 'तोताराम झिपरू, वय अठ्ठावन्न, याच्याकडील एक्केचाळीस हत्यारे बेपत्ता.'

दुपारी घरी पंचनामा झाला. पंच म्हणून रिखबचंदांना बोलावले. चाकू पाच मिनिटांत सापडला. जाळीच्या कपाटातच होता, दुधाच्या रिकाम्या पातेल्याच्या झाकणावर. दार लागत नव्हते, मांजर दूध पीत होते, म्हणून इंदिराबाईने वजन ठेवले होते. एक्केचाळीसपैकी एकही हत्यार तिला उघडावे लागले नव्हते. मी स्वयंपाकघरात कधी गेलो नाही, एवढ्यामुळे तो हरवला होता. हवालदारांनी हत्यारे उघडून मोजली. विसावे स्क्रू-ड्रायव्हर निघाले.

सापडला, आता तक्रार मागे घेतो, असे मी म्हणालो. कौतिकभाऊंनी समजावले की हत्यारे हरवलेली होती तोवर प्रकरण किरकोळ होते. आता ती सापडली, म्हणजे मी ती बाळगली. चाकू जप्त झाला. रिखबचंदांनी पंच म्हणून सही केली, आणि असली वस्तू आयुष्यात प्रथमच पाहतो असे लिहून दिले. संध्याकाळी मंडळाने सर्व सभासदांचे चाकू शोभेच्या वस्तू ठरवले आणि मला वगळले.

चाकूच्या सुटकेसाठी प्रत्येक हत्याराचा वेगळा अर्ज होता. रकाना एकच: 'उपयोग'. चाळीस अर्जांत मला लिहायला काही सुचले नाही. विसाव्यात लिहिले, दार बसवणे. तेवढा मंजूर झाला. आदेश आला की बाकीची चाळीस जप्त ठेवून स्क्रू-ड्रायव्हर सुटा करून द्यावा. तो सुटा करायला चाकूच्या मुठीचा स्क्रू काढावा लागतो. त्या स्क्रूला बसणारा स्क्रू-ड्रायव्हर चाकूतच आहे, आणि जप्त माल वापरता येत नाही.

"नाना," कौतिकभाऊ हळू आवाजात म्हणाले, "बाजारातून एक साधा आणा ना."

"ह्याच चाकूनं बसवून देतो म्हणालो होतो तिला."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "माझ्या घरचा नळ चार वर्षं गळतोय," म्हणाले. "मीही उद्या बघतो म्हणून सांगितलंय."

वाचणाऱ्याने आमच्या मंडळाला खुशाल हसावे. हसून झाले की एकदा आपल्या स्वयंपाकघरात जाऊन यावे.

चाकू चौकीत पंख्याखालचे कागद दाबून आहे. दार बसवायचे राहिले आहे.