सशाच्या डोळ्यांचा मुहूर्त

मंगळवारी दुपारी सव्वातीनला हरिताने पाहिलं, तर ससा रंगवून तयार होता. डोळे तेवढे नव्हते.

"अप्पा, चारला व्हिडिओ कॉल आहे! डोळे कुठायत?"

"राहूकाळ चाललाय," तिचे वडील बाळकृष्णराव म्हणाले. "साडेचारनंतर उघडू."

तंजावुरात देवांची चित्रं रंगवण्यात अप्पांची चाळीस वर्षं गेली होती. डोळे सगळ्यात शेवटी, तेही वेळ बघून, हा त्यांचा नेम. आता चेन्नईची एक कंपनी मुलांच्या एका जुन्या गोष्टीवर अ‍ॅनिमेशन फिल्म करत होती आणि दिग्दर्शकाला हवा होता तंजावुरी थाटाचा ससा. तो पसंत पडला, तर हरिता अख्ख्या फिल्मची चित्रं घरी बसून करणार होती. नाही पडला, तर एक तारखेपासून चेन्नईत दुसरी नोकरी. बॅग अर्धी भरलीसुद्धा होती. त्या बॅगेकडे बघायचं अप्पा दोन दिवस टाळत होते.

"अप्पा, ससा हो तो! कृष्ण नव्हे!"

"डोळे उघडले की जीव येतो. मग कोण ससा नि कोण कृष्ण?"

"मग मीच काढते."

अप्पांनी बारीक ब्रश उचलला, देवघरात नेऊन ठेवला आणि अंघोळीला निघून गेले. डोळे उघडायचे म्हणजे आधी अंघोळ नको? आता अशा माणसाशी भांडायचं तरी काय!

हरिता रडकुंडीला आली. तेवढ्यात तिची आई वत्सला पोट्टूचं पाकीट घेऊन आली. "दोन काळे पोट्टू चिकटव. हे काही डोळे नव्हेत, कपाळाची टिकली आहे. अप्पांचा नेमही मोडत नाही."

चार वाजता हरिताने चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. रंग अजून ओला होता. दिग्दर्शक निरखून बघत असतानाच उजवी टिकली हळूच घसरली आणि सशाच्या गालावर येऊन थांबली.

"अय्यो, डोळा मारतो की हा!" दिग्दर्शक ओरडला. "हाच ससा! उद्या चित्र कुरियरने पाठवा. काहीही बदलू नका!"

हरिता नाचत स्वयंपाकघरात गेली, आईला मिठी मारली, कॉफी प्यायली. परत येऊन बघते, तर पावणेपाच वाजलेले. अप्पांनी टिकल्या काढून डोळे उघडले होते: टपोरे, शांत, थेट देवघरातल्या कृष्णासारखे.

"अप्पा! त्यांना पोट्टूच हवेत! पुसा हे."

"उघडलेले डोळे पुसतात होय?" अप्पा कमालीचे दुखावले. ससा देवघरात गेला आणि वत्सलाने त्याच्यापुढे काकडीची फोड ठेवली.

सकाळी उठून मात्र अप्पांनी दुसरा ससा रंगवायला घेतला. डोळ्यांपर्यंत आले तेव्हा सव्वाबारा झाले होते. बुधवार, म्हणजे दीडपर्यंत राहूकाळ. कुरियरवाला एक वाजता येणार होता.

अप्पांनी घड्याळाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या बॅगेकडे.

"अगे, ते पोट्टूचं पाकीट दे."

"अप्पा, राहूकाळ?" हरिताने घाबरत विचारलं.

"पोट्टूला कसला राहूकाळ!" त्यांनी दोऱ्याने तीनदा माप घेतलं आणि उजवी टिकली बरोबर गालावर लावली. हात पुसत म्हणाले, "आता ती बॅग माळ्यावर टाक. येताजाता पायात येते."