बाबू गुरवानं घातलेलं गाऱ्हाणं

ओवी दापोलीला जाऊन शेती शिकणार म्हणाली, तेव्हा सरळ 'नाही' म्हटलं असतं तर निदान अब्रू वाचली असती. पण मी पडलो मुलीशी मोकळेपणानं बोलणारा बाप! (असं मीच सगळ्यांना सांगत असतो.) म्हणून म्हटलं, "देवाला गाऱ्हाणं घालू. तो बुद्धी देईल तसं करू."

"बाबा, उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे. आणि तुमची अडचण काय आहे नेमकी?"

"काळजी गं, दुसरं काय! एसटीचा प्रवास, हॉस्टेलचं जेवण..." मी चष्मा काढून पुसलासुद्धा. आमची ही, उमा, माझ्याकडे नुसती बघत राहिली.

संध्याकाळी तिघं देवळात गेलो. नारळ ठेवला आणि बाबू गुरवाला बाजूला घेऊन खरं कारण कानात सांगितलं. (देवाशी खोटं कसं बोलणार?) ह्यातलं मोठ्यानं काय म्हणायचं नि काय गिळायचं, ते त्याला कळेल असं धरून चाललो होतो. बाबूनं डोळे मिटले आणि खडा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरानं नारळ ठेवलान हाय!"

"होय म्हाराजा!" देवळातली वीस-पंचवीस माणसं म्हणाली. मीही.

"ह्याच्या हापिसातल्या तेजस्वी बाईंचा पोरगा डॉक्टरकीला लागला!"

"होय म्हाराजा!"

"तवा ह्यानं पण डबा खाताना सांगून टाकलान, माजी पोर डॉक्टरच होनार!"

"होय म्हाराजा!"

"आता पोर शेतीला गेली तर ह्याचं नाक कापलं जाईल! तिची बुद्धी फिरव नि ह्याची लाज राख रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

ह्या खेपेला ओवीचा आवाज आला नाही. ती खाली फरशीकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येईपर्यंत ओवी माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. शेवटी अंगणात मीच म्हणालो, "चुकलो गं. फॉर्म भर."

"काळजी अजिबातच नव्हती?"

"होती, थोडीशी. पण डॉक्टर व्हायला पुण्याला निघाली असतीस, तर एसटी मला आठवलीही नसती."

"हे मात्र खरं बोललात," ती म्हणाली, आणि डोळे पुसून फॉर्म भरायला बसली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा उघडताना मन घट्ट केलं. "तेजस्वी मॅडम, ओवी डॉक्टर नाही होणार. मी उगाच फुशारकी मारली होती."

मॅडमच्या सासूबाई काल देवळात होत्या, हे मला कुठून ठाऊक? सगळं ऑफिस एका सुरात ओरडलं, "होय म्हाराजा!"