आवरलेला दिवाणखाना

भाषातज्ज्ञ बाईंच्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदाच आपणहून दिवाणखाना आवरला, आणि परग्रहावरचे पाहुणे सामान बांधायला लागले.

"अहो, काय केलंत हे?" दारातच बाईंच्या हातातली पिशवी गळून पडली.

"आवरलं. तूच म्हणतेस ना, घरकामाला जरा हात लावत जा म्हणून!"

बिचारा शाबासकीची वाट बघत होता. पण हे पाहुणे तोंडाने बोलतच नसत, वस्तू हलवून बोलत. सरकारी सभागृहातल्या खुर्च्या जमिनीला पक्क्या ठोकलेल्या, म्हणून तिथे ते मुके बसून राहिले आणि भल्याभल्या विद्वानांनी हात टेकले. बाईंनी त्यांना घरी आणलं. एकाने स्टूल तिरकं सरकवलं, बाईंनी टीपॉय सरकवला, आणि गप्पा सुरू झाल्या. बायकोची ही हुशारी बघून नवरा भारावून गेला होता. त्याच भरात आज त्याने सगळ्या खुर्च्या ओळीने भिंतीला लावल्या.

"म्हणजे मी बोललो तरी काय?"

"'पुरे झालं, निघा आता.' तेही ओरडून! हे गेले तर परत यायचे नाहीत हो."

नवऱ्याने घाईघाईने सोफा ओढला, तो नेमका दारात आडवा अडकला. पाहुणे कपाटामागे दडले.

"आता काय म्हणालो?"

"'जाऊन तर दाखवा!' कृपा करा, कशाला हात लावू नका. या खुर्चीत बसा."

तो मुकाट बसला. बाईंनी नवऱ्यासकट खुर्ची ढकलत पाहुण्यांपुढे नेली आणि स्वतः मागे सरकल्या. मग उंच पाहुण्याने सोफा उचलून जागेवर ठेवला. बाकीचे बांधलेलं सामान सोडू लागले.

"काय सांगितलंस गं?"

"'आमचं चुकलं.' हे म्हणायला त्यांच्या भाषेत काहीच नव्हतं. आता तुम्ही आहात."

काय ही बाई, असं म्हणत नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी धाकट्या पाहुण्याचा धक्का लागून बाईंचा चष्मा फुटला. त्याने लगबगीने पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला खुर्चीसकट उचललं आणि अलगद बाईंसमोर ठेवलं.

"बरं बरं, माफ केलं," बाई हसल्या.

नवऱ्याने पेपर खाली घेतला. "आलोच आहे, तर आजवरचं माझंही यातच धर."

"तेवढं एका खुर्चीत मावायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि दुसरी खुर्ची ओढून त्याच्या अगदी शेजारी बसल्या.

ते बघून सगळे पाहुणे लाजले आणि गडबडीने गॅलरीत निघून गेले.